गोणपाटावरच्या गयाबाई

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, नर्स म्हणून एवढी वर्षं काढलीत, काहीतरी लिहा, वाचकांना आवडेल असं. मी म्हटलं, लिहिते, पण आवडेल की नाही ते सांगता येत नाही, कारण मला लिहायचंय ते बसायच्या जागेच्या दुखण्यांबद्दल. मग ते म्हणाले, "लिहा. पण जरा सांभाळून." हे "जरा सांभाळून" मी जन्मभर ऐकत आले आहे. त्याच्यापायी माणसं महिनोन्‌महिने रक्त घालवत गप्प बसलेली मी पाहिली आहेत. तेव्हा वाचकहो, हातातली चकली आधी संपवा. मी थांबते.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता, आमचं सगळं औरंगाबादकडे होतं. तीर्थपुरीच्या अलीकडे एका मोठ्या गावात आरोग्य केंद्र होतं, तिथे माझी नेमणूक झाली. मी मूळची धावड्याची. वडील रोजंदारीवर, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. आम्ही धम्म स्वीकारलेली माणसं, आणि पोरगी शिकलीच पाहिजे हा वडिलांचा हट्ट. त्या हट्टावर मी नर्स झाले. नव्या गावात गावठाणात मला खोली मिळाली नाही. का, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बौद्धवाड्यात एका गुरुजींच्या घरी पुढची खोली मिळाली आणि मी सुखानं राहिले.

केंद्रावर डॉक्टरसाहेब होते, परभणीकडचे. वयानं तरुण, बोलणं मोजकं, पण रोग्याचं बोलणं मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. तेवढी सबुरी लागायचीच, कारण आमच्याकडचा माणूस या दुखण्याबद्दल कधी सरळ बोलायचा नाही. सुरुवात दाढेपासून व्हायची, मग पाठीवर यायचा, मग "अंगात उष्णता झाली" म्हणायचा, आणि उठून दारापर्यंत गेला की वळून हळूच खरं सांगायचा. डॉक्टरसाहेबांना हे ठाऊक झालं होतं. रोगी दारातून बाहेर पडेपर्यंत ते पुढच्याला हाकच मारायचे नाहीत.

आष्टीकडचे एक जमीनदार एकदा बैलगाडीत पालथे झोपून आले. बोटात तांब्याचा वेढा, मूळव्याधीवर घालतात तो. म्हणाले, "पित्त झालंय, साहेब. काही तरी जालीम द्या."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "पित्तानं माणूस पालथा झोपत नाही. धोतर सोडा."

गळू झालं होतं, लिंबाएवढं. अंगात ताप, ठणका असा की बैलांना हाकलेलंसुद्धा सहन होईना. डॉक्टरसाहेबांनी चीर दिली, पू निघाला, आणि तासाभरात ते गृहस्थ टेकून बसून चहा पीत होते. "एवढ्यासाठी म्या मरून राह्यलो होतो का," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. नंतर त्यांनी पाटी भरून मोसंबी पाठवली. तांब्याचा वेढा मात्र बोटातच राहिला, आणि गुण त्यानंच आला असंही ते गावात सांगत होते म्हणे. आम्हाला मोसंबी मिळाली, त्यात आम्ही खूश.

तेव्हा ठणका लागला आणि बरोबर ताप आला, तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे मी त्या पालथ्या जमीनदारांकडून शिकले.

दुष्काळाच्या सालात तर या दुखण्यांची जत्राच भरली. सगळं गाव खडी फोडायला. खायला ती लाल परदेशी ज्वारी, प्यायला टँकरचं पाणी, तेही घोटभर. पोटं दगडासारखी व्हायची आणि बाया-माणसांना खाली चिरा पडायच्या. चीर पडली की परसाकडच्या वेळी काचेनं कापल्यासारखं होतं आणि वर चार-दोन लाल थेंब. भीतीनं माणूस जायचंच टाळतो, टाळलं की आणखी घट्ट होतं, आणि चीर काही भरत नाही. खडीवर एका बाईला मी सांगितलं, पाणी भरपूर पी, ताक घे, पालेभाजी खा, आणि घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात बसत जा. तिनं हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, घमेलंभर पानी असतं तर म्या ते पिले नसते का?"

मी केंद्रावर येऊन ते डॉक्टरसाहेबांना सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी त्या दिवसापासून केंद्रातलं एक पातेलं चुलीवर चढवून ठेवायला लावलं. ज्याला गरज त्यानं यावं, पडद्याआड बसून शेक घ्यावा, जावं. पाणी ते स्वतःच्या घरच्या पिंपातून आणायचे. अशा माणसाच्या हाताखाली काम करायला मिळालं हे माझं नशीब, असं मी आजही म्हणते.

बाहेरच्या माणसाला ही दुखणी सगळी सारखीच वाटतात आणि सगळ्यांना तो एकच नाव देतो, मूळव्याध. मोड आलेले असले तर बहुधा दुखत नाही, रक्त मात्र लालभडक ठिबकतं. चीर असली तर रक्त थोडं आणि दुखणं फार. परसाकडला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होत असेल तर रक्त वरून, जठराकडून येतं, तेव्हा सगळी कामं सोडून दवाखाना गाठायचा. रक्त थांबतच नसेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तरी तसंच. काळ्या रंगाला एक अपवाद आहे, आणि त्यानं माझं डोकं फार खाल्लं. गरोदर बायांना आम्ही लोहाच्या गोळ्या द्यायचो, त्यांनी काळी व्हायची, आणि घाबरून बाया गोळ्या उकिरड्यावर टाकायच्या. एका घरी तर कोंबड्यांनी त्या वेचून खाल्ल्या होत्या. कोंबड्या चांगल्या तरतरीत दिसत होत्या, एवढं मी सांगू शकते.

या गोळ्यांमुळेच माझी गयाबाईंशी गाठ पडली.

गयाबाई म्हणजे गावातल्या एका जुन्या शेतकरी घराच्या कर्त्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वय पन्नाशीच्या पुढे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मुलगा रंगनाथ शेती पाहायचा आणि सून शांता पहिलटकरीण होती. शांतासाठी गोळ्या घेऊन मी त्यांच्याकडे जायची. माझी जागा ठरलेली, गोठ्याच्या पडवीत, गोणपाटावर. आत बोलावत नसत. शांता बाहेर यायची, मी तिचे पाय बघायची, पोट बघायची, पाणी वरून ओंजळीत घ्यायची. गयाबाई सोवळ्याच्या फार कडक. पाळी आलेल्या बाईनंही त्याच पडवीत, त्याच गोणपाटावर दिवस काढायचे, घरातल्या कशालाही शिवायचं नाही, हा नियम त्यांनीच सुनेला घालून दिलेला. एकदा शांतानं चुकून लोणच्याच्या बरणीला हात लावला, तर बरणीच्या बरणी त्यांनी गाईपुढे ओतली होती. गाईनंही ते खाल्लं नाही.

एका दिवशी मी गेले तर गोणपाटावर गयाबाईच बसलेल्या. किल्ल्या सुनेच्या कमरेला. मला पाहून त्या जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "बस. आज तू आन् मी सारख्याच."

शांतानं पदराआडून सांगितलं, "आत्याबायची गेलेली पाळी परत आली, बाई. लुगड्याला डाग दिसला म्हनून त्या आपसूकच बाजूला बसल्या."

त्या वेळी मी हसण्यावारी नेलं. पुढच्या खेपेला गेले, तरी त्या तिथंच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. शेजारच्या बाया गंमत करत होत्या की गयाबाई नव्यानं तरुण झाल्या. मला ते काही गमतीचं दिसेना. पाळी बंद होऊन वर्षं लोटल्यावर रक्त दिसलं तर ते तपासायलाच हवं, हे मला पक्कं शिकवलेलं होतं. शिवाय त्यांची गालफडं बसली होती आणि चोळीच्या बाह्या ढिल्या झाल्या होत्या.

मी त्यांच्याजवळ गोणपाटावर सरकून बसले. दोघीही बाहेरच्या, त्यामुळे शिवायची भीती नव्हती. मी विचारलं, "मावशी, भूक लागते का?"

"कशाची भूक. दोन घास गेले तर गेले."

"आणि परसाकडं बराबर होतं का? की जाऊन आलं तरी वाटतं, अजून राह्यलंय, परत जावं?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. विचारायचं असतं, म्हणून विचारते. रक्त कुठून जातं, मावशी? पुढून की मागून?"

"जा बाई तू. तुझ्या गोळ्या दे आन् जा."

मी उठले, पण गेले नाही. शांताला म्हटलं, उद्या तुझी तपासणी आहे, सासूबाईंना सोबत घेऊन ये. शांता हुशार. तिनं रंगनाथला गाडी जुंपायला लावली आणि सासूबाईंना सांगितलं की एकटी जायला मला भीती वाटते.

केंद्रावर आल्यावर गयाबाईंनी डॉक्टरसाहेबांना बघून पदर कपाळापर्यंत ओढला. "पुरुष मानसाला म्या दाखवनार न्हाई. बिलकुल न्हाई." मी आत जाऊन डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तपासा. मी पडद्याच्या बाहेर उभा राहतो. मी विचारीन तेवढं सांगायचं."

बाळंतिणीची तपासणी मला तोंडपाठ होती. ही मी कधी केली नव्हती. हातमोजा चढवला, बोटाला व्हॅसलीन लावलं आणि गयाबाईंना कुशीवर वळायला सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

पडद्याबाहेरून आवाज आला, "बाहेर काही दिसतं? मोड, चीर, सूज?"

"काही नाही, साहेब."

"हळूच आत. त्यांना श्वास सोडायला सांगा. आता सगळीकडून भिंत चाचपा. गालाच्या आतल्या बाजूसारखी मऊ लागायला हवी."

एका बाजूला मऊ होती. दुसऱ्या बाजूला माझं बोट अडलं. "उंचवटा आहे, साहेब. कडक. कडा वर आलेल्या. खडबडीत लागतंय." मी बोट बाहेर काढलं, त्याला रक्त होतं. बाहेरून साहेबांनी हळूच एवढंच विचारलं, "सिस्टर, त्यांच्यासोबत घरचं कोण आलंय?" आणि त्यावरूनच मला कळलं.

पदर सावरून गयाबाई बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. म्हणाले, "मावशी, ही पाळी नाही आणि ही मूळव्याधही नाही. आत गाठ आहे. औरंगाबादला तुकडा तपासावा लागेल आणि बहुधा ऑपरेशन करावं लागेल. आत्ता गेलात तर आशा चांगली आहे. उशीर केलात तर मी काही सांगू शकत नाही."

रंगनाथ हादरला होता. म्हणाला, "साहेब, आष्टीच्या बाजारात एकजन बसतो. धागा बांधून मूळव्याध पाडतो. खर्चा बी न्हाई. आधी तितं दाखवू की."

"दाखवा," डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुम्हाला मूळव्याध झाली की दाखवा. ही ती नाही. धागा बांधायला तिथं काहीच नाही."

घरी जाऊन त्यांचं काय काय बोलणं झालं ते मला शांतानंच नंतर सांगितलं. भावकी जमली. कोणी म्हणालं, या वयात पोट फाडून काय करायचं. कोणी म्हणालं, देवाला कौल लावू. गयाबाई गोणपाटावर बसून सगळं ऐकत होत्या, जणू दुसऱ्याच कोणाचं बोलणं चाललंय. शेवटी शांताला राहवेना. ती सगळ्या पुरुषांदेखत पडवीत गेली, सासूला शिवायचं नसताना तिचा हात हातात धरला आणि म्हणाली, "आत्याबाय, मला माय न्हाई. माझं बाळंतपन कोन करनार? तुमी जा. जल्दी जा आन् वापस या."

सासूला कोणी शिवलं म्हणून त्या दिवशी कोणी आंघोळ केली नाही.

मी रजा काढून त्यांच्यासोबत औरंगाबादला गेले. मोठा दवाखाना, बोलणारं ओळखीचं कोणी नाही, रंगनाथ खिडक्याखिडक्यांपुढे गोंधळून उभा. मी तिथंच शिकलेली असल्यामुळे मला तिथले जिने माहीत होते. तुकडा तपासला, गाठ वाईटच निघाली, पण बाहेर पसरलेली नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी गयाबाईंचे केस विंचरून देत होते. माझ्या हातचं पाणी त्या तोवर पिऊ लागल्या होत्या, कोणी काही न बोलता.

त्या म्हणाल्या, "तुला एक सांगू का? मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"रगत कुठून जाऊन राह्यलंय ते. पहिल्यापासून ठाऊक होतं. पन त्या जागेचं नाव कोनापुढं घेऊ? सुनेपुढं? पोरापुढं? पाळी म्हनलं की कोनी पुढं इचारत न्हाई. बाजूला बसायचं, संपलं. लुगडं बी येगळं धुवायला भेटतं. म्या म्हनलं, चांगली जागा घावली लपायला."

जो नियम त्यांनी घरातल्या बायांना घालून दिला होता, त्याच्याच आडोशाला त्या जाऊन बसल्या होत्या आणि तिथं जिवावर बेतलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो मायेचा उमाळा. मी वेणी घालून दिली आणि म्हटलं, आता लपायचं संपलं, मावशी.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खालची वाट कायमची बंद केली आणि पोटावर डाव्या अंगाला नवी वाट काढून दिली. हल्ली त्याला चांगल्या पिशव्या मिळतात. तेव्हा आमच्यापर्यंत काही आलेलं नव्हतं. जुन्या धोतराच्या घड्या, वर पट्टा, आणि दर वेळी उकळून धुणं. गावी आल्यावर मी रोज जाऊन ते करायची. गयाबाई पुन्हा पडवीतल्या गोणपाटावर गेल्या. कोणी सांगितलं नव्हतं, आपणच गेल्या. म्हणाल्या, "आता तर मी जन्माचीच बाटले. पोटावरूनच घान व्हायला लागली. मला सैपाकघर कशाला?"

मी एकदा शांताला जवळ बोलावलं आणि घडी कशी बदलायची ते दाखवलं. तिनं बघितलं, नाक मुरडलं नाही, दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः केलं. पुढं तिचं बाळंतपण मीच केलं, आणि उशाशी गयाबाई होत्या. मुलगी झाली. गयाबाईंनी नात हातात घेतली ती खाली ठेवेचनात.

गयाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. नातीला शाळेत घालायला स्वतः गेल्या. गावातल्या कुठल्याही बाईला पाणवठ्यावर गाठून विचारायच्या, "रगत जातंय का गं? कुठून? बोल, मी काही मरत न्हाई ऐकून." त्यांच्या धाकानं आमच्या केंद्रावर बायांची रांग लागायला लागली. बहुतेकींना मोड असायचे, चीर असायची, साध्या औषधानं आणि ताकानं बऱ्या व्हायच्या. पण रक्त बरेच दिवस जातंय, नेहमीची सवय बदललीय, वजन उतरतंय, अंगात त्राण नाही, असं असलं तर घरच्या घरी त्याला मूळव्याध म्हणायचं नाही, एकदा तपासून घ्यायचं, हे गयाबाई माझ्यापेक्षा चांगलं सांगायच्या. जरा सांभाळून वगैरे त्यांच्या बोलण्यात काही नसायचं.

मला बक्षिसं मिळाली नाहीत, बदल्या मात्र पुष्कळ मिळाल्या. पण त्या केंद्राचं, त्या डॉक्टरसाहेबांचं, शांताचं आणि सगळ्यात जास्त गयाबाईंचं माझ्यावर ऋण आहे. त्यांना जगवलं म्हणून लोक मला नाव घेऊन ओळखायला लागले. त्यांनी मला काय दिलं, ते सांगते आणि थांबते.

शांताची मुलगी तान्ही होती तेव्हा तिला डोस द्यायला म्हणून मी गेले होते. नेहमीप्रमाणे पडवीत शिरले आणि बघते तर गोणपाट नाही. जागा शेणानं सारवलेली, वर वासरू बांधलेलं. मी पेटी हातात घेऊन उभीच राहिले. कुठं बसावं ते कळेना.

गयाबाई दारात आल्या. कमरेला किल्ल्या होत्या.

"जाळलं ते," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर बसून मी मरत होते. माझ्या घरातली कोनी बाई आता तितं बसनार न्हाई. शांता न्हाई, ही पोरगी न्हाई."

"आणि मी?" मी हसत विचारलं. "मी कुठं बसू, मावशी?"

"तुला बसायला हितं जागाच राह्यली न्हाई," गयाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यातून बाजूला झाल्या. "आत ये."

मी चपला काढल्या आणि आत गेले.